‘बघू की’ म्हणजे नको: सोसलेल्या माणसाचा फोटो काढताना

२०१९ च्या पुरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत मी एका मावशींचा फोटो काढला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ५५ फुटांच्या वर जाऊन आलेली, पाणी उतरायला लागलेलं, हायवे नुकता चालू झालेला, आणि आम्ही चार-पाच जण पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चादरी घेऊन गेलेलो. मावशी वर्गाच्या दारात बसल्या होत्या, बाजूनं मस्त उजेड येत होता, मी विचारलं, मावशी फोटो काढू का, आणि त्या म्हणाल्या, "काढ की बाळा." काढला. फोटो लोकांना लै आवडला, प्रदर्शनात लागला, व्हॉट्सॲपवर फिरला. सात-आठ महिन्यांनी मी मोठा प्रिंट करून त्यांना द्यायला गेलो तर त्यांनी तो बघितला आणि मांडीवर पालथा ठेवला. म्हणाल्या, "ह्यात माझ्या डोक्यावर पदर न्हाई. पोरीला बघायला आलेल्या पावण्यांनी मोबाईलवर दाखवला आम्हाला." मी म्हटलं मावशी मग तेव्हाच नको म्हणायचं होतं की. त्यावर त्या जे बोलल्या ते मी अजून विसरलेलो नाही: "तुला नको कसं म्हणायचं बाळा, तू पाणी घिऊन आल्तास."

मी लग्नाचे फोटो काढून पोट भरतो, आणि त्यातनं वेळ काढून संस्थांसाठी, कधी स्वतःसाठी माणसांचे पोर्ट्रेट काढतो, पूरग्रस्त, ऊसतोडीचे मजूर, एकट्या राहणाऱ्या बायका, दवाखान्यातनं घरी आलेली माणसं. त्या दिवसानंतर मी कामाची पद्धत बदलली, हळूहळू, चुकत चुकत. आता बरीच नवी पोरं-पोरी कॅमेरा घेऊन असं काम करायला निघालेत आणि मला विचारतात की अशा माणसांचे फोटो कसे काढायचे, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय. सेटिंग वगैरे कमी आहे यात, कारण ती कुठंही शिकता येतात.

आधी ट्रॉमा म्हणजे काय ते थोडक्यात. जीवावर बेतलेलं, मनाच्या सहन करायच्या पलीकडचं काही घडलं की ते आठवणीत नुसतं गोष्टीसारखं बसत नाही, अंगात बसतं. वास, आवाज, उजेड, कुणीतरी एकदम अंगावर येणं, यातनं ते परत जागं होतं. आमच्याकडं पावसाळ्यात "पंचगंगा ३९ फुटावर आली" असा मेसेज मोबाईलवर पडला की, म्हणजे ती इशारा पातळी, धोका ४३ ला, नदीकाठच्या गावात लोक धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागतात आणि काही जणांना त्या रात्री झोप लागत नाही, हे तुम्ही बघितलं असेल. आणि धोक्यात माणूस पळतो किंवा भांडतो एवढंच आपल्याला माहीत असतं, पण तिसरीही एक गोष्ट होते, माणूस गोठतो. गोठलेला माणूस शांत दिसतो, मान डोलवतो, सांगाल तसं बसतो, सांगाल तिकडं बघतो. फोटोग्राफरला वाटतं किती छान सहकार्य करतायत. ते सहकार्य नसतं, ती व्यक्ती तिथं नसतेच. डोळे एका जागी लागलेले, श्वास वरच्या वर, हात थंड, प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात हो, असं दिसलं की कॅमेरा खाली ठेवायचा, मग उजेड कितीही भारी असो.

अमेरिकेतल्या साम्सा नावाच्या सरकारी संस्थेनं २०१४ मध्ये असं सोसलेल्या माणसांसोबत काम करण्यासाठी सहा तत्त्वं मांडली होती, सुरक्षितता, विश्वास आणि उघडपणा, सारखं सोसलेल्यांची एकमेकांना साथ, मिळून ठरवणं, माणसाच्या हातात निवड ठेवणं, आणि त्याची संस्कृती, इतिहास, स्त्री-पुरुष भेद यांचं भान. ती दवाखाने आणि संस्थांसाठी होती, फोटोग्राफरसाठी नाहीत, पण मला ती अशी समजली: ज्या माणसाच्या हातातनं एकदा सगळं सुटलंय, त्याच्या हातातनं आपण आणखी काही काढून घ्यायचं नाही. फोटो हा निर्णय त्याच्या हातात राहिला पाहिजे, शेवटपर्यंत.

आता खरी अडचण. आपल्याकडं माणूस नाही म्हणत नाही. घरी आलेल्या पाव्हण्याला चहा न देता लावून देत नाहीत ते फोटोला नको कुठनं म्हणणार. त्यात तुम्ही शहरातनं आलेले, गळ्यात कॅमेरा, सोबत संस्थेच्या ताई नाहीतर सरपंच. त्यामुळं नुसतं "काढू का" विचारून "काढा की" मिळालं म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका. माझा नियम असा झालाय की समोरच्याला नको म्हणायची सोपी वाट मी करून दिली नसेल तर त्याचा हो मी हो म्हणून घेत नाही.

आणि नको ऐकायला शिका, कारण ते ‘नको’ या शब्दात जवळपास कधीच येत नाही. "बघू की." "आमच्या ह्यांना विचारून सांगते." "आत्ता कुठं, आवरलेलं पण न्हाई." "माझा काय फोटो काढतायसा, म्हातारीचा." "त्या पलीकडच्या आक्कांचा काढा, त्या चांगल्या बोलत्यात." पदर तोंडावर ओढणं, हसून विषय बदलणं, उठून चहा टाकायला आत जाणं आणि बराच वेळ बाहेर न येणं. हे सगळं नको आहे. यातलं थोडं नुसतं लाजणं असू शकतं, ते मला मान्य आहे, पण लाजणं की नको हे ठरवायचं काम तुमचं नाही, त्यासाठी पुढच्या वेळी परत विचारता येतं, आणि परत विचारल्यावरही "बघू की" आलं तर तिसऱ्यांदा विचारायचं नाही. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे मागं लागणं.

पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नका. बॅगेत पण नको, कारण बॅगेत असला की हात वळवळतो. जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, आपण कोण, कुठले, कुणाच्या ओळखीनं आलो, काय काम करतो ते सांगायचं, मोबाईलवर आपले आधीचे फोटो दाखवायचे, ज्यांची दाखवायला परवानगी आहे तेवढेच. मग मी साधारण असं बोलतो: "आक्का, मला तुमचा फोटो काढायचाय. तो अमुक ठिकाणी लावणार, एवढी माणसं बघणार, तुमच्या गावातली पण बघू शकतात. तुम्ही नको म्हणालात तरी मला काय वाईट वाटणार नाही, या ताई तुमचं काम जसं करतायत तसंच करत राहणार, आणि मी परत चहाला येणार. आज काय सांगू नका. मी गुरुवारी फोन करतो, तोवर घरात बोला." हे पाठ करून म्हणू नका, तुमच्या बोलीत म्हणा, पण यातलं एकही गाळू नका. "आज सांगू नका" हे तर अजिबात नाही. दोन दिवसांत निम्मे लोक फोनवर सहज सांगतात की राहू दे, कारण समोर बसून जे जड जातं ते फोनवर हलकं जातं.

मदत आणि फोटो एका दिवशी करायचं नाही. किट वाटायच्या रांगेत फोटो काढायचाच नाही, हे मी आता ठामपणे सांगतो, कुणी कितीही म्हणू दे की देणगीदारांना दाखवायला लागतात. किटचे खोके रचलेले, वाटणाऱ्यांचे हात, भरलेला ट्रक, याचे फोटो काढा आणि द्या पाठवून. दोन्ही हात पसरलेल्या माणसाचा चेहरा त्यात कशाला पाहिजे? फोटोबद्दल काही द्यायचं असेल, मजुरी बुडाली म्हणून रोज द्यायचा असेल तर तो द्यावा, मी देतो, पण आधी देतो आणि सांगतो की मध्येच थांबलात तरी हे तुमचंच. शेवटी दिला तर तो बक्षीस होतो आणि माणूस बक्षिसासाठी बसून राहतो.

मधल्या माणसाबद्दल सावध राहा. ऊस गळीत हंगामात इकडं बीडकडनं, मराठवाड्यातनं टोळ्या येतात, कारखान्याच्या जवळ नाहीतर फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात, तिथं गेलात की मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, म्हणतो, "काढा ओ साहेब, काय होत नाही, ए उठ गं, नीट उभी राहा." मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते, त्या बाईच्या घरानं ती फेडायची असते, त्याच्यासमोर ती काय बोलणार? मुकादमाची परवानगी ही तिथं उभं राहायची परवानगी आहे, फोटोची नाही. तेच सरपंचाचं, तेच दवाखान्यातल्या डॉक्टरांचं, तेच संस्थेच्या कार्यकर्त्यांचं, मनानं कितीही चांगले असले तरी. आणि नवऱ्याचं, सासूचं पण. माझ्यासोबत बायकांच्या कामाला माझी एक सहकारी मैत्रीण असते, ती बाजूला जाऊन एकटीनं विचारते, आणि मला बाहेर हो मिळालेला असताना आत तिला नको मिळालंय असं खूपदा झालंय. अशा वेळी बाहेर येऊन "त्या नको म्हणाल्या" असं सांगायचं नाही हां, नाहीतर मागनं त्या बाईला ऐकून घ्यावं लागतं. "आज उजेड बरोबर नाही, जमणार नाही" असं आमच्या अंगावर घ्यायचं आणि निघायचं.

कागदाबद्दल. इंग्रजीतला दोन पानी फॉर्म नेटवरनं काढून खाली अंगठा घ्यायचा, हे करू नका, तो तुमच्या बचावाचा कागद झाला, समोरच्याच्या काय कामाचा. माझा कागद एका पानाचा, मोठ्या अक्षरात, बोलीतल्या मराठीत आहे. त्यात वेगवेगळ्या ओळी आहेत आणि प्रत्येकीपुढं हो-नाही: फक्त मला घरी लावायला फोटो पाहिजे, प्रदर्शनात चालेल, छापील पुस्तकात किंवा पेपरात चालेल, इंटरनेटवर चालेल, माझं नाव चालेल, गावाचं नाव चालेल, माझी हकीकत चालेल. बऱ्याच जणांना प्रदर्शन चालतं पण इंटरनेट नको असतं, चेहरा चालतो पण गाव नको असतं, एकाच सहीत सगळं घेतलं असतं तर हे कधी कळलंच नसतं. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवतो आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करतो, तेही विचारून. कागदाची एक प्रत त्यांच्याकडं, वर माझा नंबर.

"इंटरनेट" हा शब्द सगळ्यांना सारखा कळत नाही, म्हणून मोबाईलवर दुसऱ्या कुणाचा तरी छापून आलेला फोटो दाखवतो, खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवतो, आणि सांगतो की असं तुमच्या फोटोखाली पण लिहितील. आणि हेही खरं सांगायचं की नंतर नको वाटलं तर मी माझ्याकडचा काढून टाकीन पण कुणी मोबाईलमध्ये घेतला असेल तर तो माझ्या हातात नाही. "केव्हाही काढता येतो, काळजी करू नका" असं गोड बोलून सही घेणं ही फसवणूक आहे.

प्रत्यक्ष काढायचा दिवस. जागा आणि वेळ त्यांनी ठरवायची. पूरग्रस्तांना पडक्या भिंतीपुढं उभं करायची आपल्याला हौस असते, भिंतीवर पाण्याची रेघ दिसते म्हणून, पण त्या भिंतीखाली त्यांचं काय गेलंय ते तुम्हाला माहीत नसतं. एकदा एक काका म्हणाले मला घरात नको, गोठ्यात काढ, म्हशीजवळ, कारण म्हैस पोहून परत आली होती. तो फोटो मला सुचलाच नसता. बसवताना अशी जागा द्या की दार त्यांना दिसत राहील आणि दाराच्या वाटेत तुम्ही नसाल. पाठीमागनं कुणी येणार-जाणार नाही असं बघा, पाठ भिंतीला असली की माणूस निवांत बसतो. सोबत कोण पाहिजे ते विचारा आणि कोण नको तेही विचारा.

फ्लॅश नको. एकदम डोळ्यात उजेड आणि ठप्प आवाज, यानं दचकणारी माणसं मी बघितलीत. दाराचा, खिडकीचा उजेड पुरतो, पोर्ट्रेटला तोच सगळ्यात चांगला. लेन्स ८५ एमएम वापरली तर दीड-दोन मीटर लांबनं खांद्यापर्यंतचा फोटो मिळतो आणि तुम्ही अंगावर जात नाही, छोट्या खोलीत ५० एमएम घ्या. २४ एमएम लावून तोंडाजवळ जाऊ नका, नाक मोठं आणि कपाळ ओढलेलं येतं, आणि माणूसही आक्रसतो. मोबाईलवर काढत असाल तर साधा कॅमेरा २४-२६ एमएम सारखाच असतो, म्हणून २ एक्स वर जा आणि दोन पावलं मागं या. कॅमेरा त्यांच्या डोळ्याच्या उंचीला ठेवा, ते जमिनीवर बसलेत तर तुम्ही पण मांडी घाला. उभं राहून वरनं खाली काढलेल्या फोटोत प्रत्येक माणूस बिचारा दिसतो, आणि मग आपणच त्याला बिचारा केलेलं असतं.

सायलेंट शटरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आवाज नसला की शांत वाटतं हे खरं, पण समोरच्याला कळत नाही की फोटो कधी निघाला, आणि न कळता निघालेला प्रत्येक फोटो म्हणजे चोरीच की. म्हणून मी आवाज चालू ठेवतो पण एकेक काढतो, धडाधडा दहा नाही, आणि आधी सांगतो, "आता एक काढतोय." आवाजाचा त्रास होत असेल तर सायलेंट करतो आणि बोट वर करून दाखवतो. घरात ट्यूब किंवा एलईडी असेल तर सायलेंटमध्ये फोटोत पट्टे येतात, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं पट्टे जातात.

हात लावायचा नाही. पदर नीट करायला नाही, केस मागं घ्यायला नाही, हनुवटी वर करायला तर नाहीच नाही. लग्नाच्या कामात आपल्याला ही सवय लागलेली असते. मी स्वतः करून दाखवतो, "मी असा बसलोय बघा तसं," आणि ते आरशासारखं करतात. "स्माईल प्लीज" पण नको आणि "जरा दुःखी बघा" हे तर कुणीच म्हणू नये, पण म्हणतात, मी ऐकलंय. थांबायची खूण सुरुवातीलाच ठरवा, हात मांडीवरनं उचलला की मी थांबणार, आणि पहिल्या पाच मिनिटांत तुम्हीच एकदा थांबून, कॅमेरा खाली ठेवून पाणी प्या, म्हणजे त्यांना दिसतं की थांबलं तर काही बिघडत नाही. दर सात-आठ फोटोंनी मागचा स्क्रीन त्यांच्याकडं वळवा. यात नुसता विश्वास नाही, कामाचा पण फायदा आहे, त्या म्हणतात "ह्यात मी लै दमल्यासारखी दिसत्या, जरा बाहेर बसू या," आणि पुढचा फोटो दोघांचा होतो.

काय घडलं ते विचारू नका. फोटोसाठी ती हकीकत लागत नाही. "त्या रात्री काय झालं", "नवरा कसा गेला" हे विचारलं की डोळ्यात पाणी येतं आणि फोटोग्राफरला पाहिजे ते मिळतं, पण तुम्ही गेल्यावर ती रात्र त्यांच्याकडं राहते. मी स्वयंपाकाचं विचारतो, यंदा भुईमूग कसा आला, नातू कितवीत आहे, अशा गोष्टी. त्यांनी आपणहून सांगायला घेतलं तर ऐकायचं, कॅमेरा मांडीवर ठेवून. आणि रडायला लागले तर बटण दाबायचं नाही. बऱ्याच जणांना हे पटत नाही, म्हणतात तोच तर खरा क्षण. असेल. पण त्या क्षणाला परवानगी मागता येत नाही, म्हणून तो आपला नाही. अशा वेळी घाईनं समजूत काढू नका, "रडू नका" म्हणू नका, मिठी मारू नका. गप बसा. थोड्या वेळानं पाणी द्या, हळू आवाजात विचारा "थांबूया काय आज?" गोठल्यासारखं वाटत असेल तर पाय जमिनीला टेकवा, अंगणात दोन पावलं चला, गार पाण्यानं तोंड धुवा, एवढं सुचवा. जास्त काही करायला आपण डॉक्टर नाही. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाईन १४४१६ वर दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, तो नंबर माझ्या कागदावर खाली छापलेला असतो. आणि संस्थेच्या ज्या ताईंच्या ओळखीनं गेलो त्यांना संध्याकाळी फोन करून सांगायचं की आज आक्कांना जरा त्रास झाला, उद्या एक चक्कर मारा.

आता जे मला सगळ्यात जवळचं वाटतं ते. लग्नात आपण नवरीच्या आत्याचा फोटो काढताना दहा मिनिटं पदराच्या निऱ्या, नथ, अंबाडा बघतो, "थांबा आत्या, टिकली सरकली" म्हणतो, कारण त्या आपल्या गिऱ्हाईकाच्या घरच्या. आणि पुरातल्या मावशीचा काढताना विस्कटलेली आहे तशीच बरी, खरी दिसते, असं म्हणतो. हा फरक कुठनं आला? कोल्हापूरला पोर्ट्रेटची परंपरा आहे, आबालाल रहमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांचं हे गाव, जुन्या वाड्यातनं अजून भिंतीवर रंगवलेली नाहीतर स्टुडिओत काढलेली माणसं दिसतात, ताठ बसलेली, फेटा बांधून, कुणाकुणाचा तर कोट मागून आणलेला. त्या काळी स्टुडिओत जाणारा माणूस ठरवून जायचा की मी असा दिसणार. ती मुभा दुःखात असलेल्या माणसाकडनं आपण का काढून घेतो? म्हणून मी आधी विचारतो, कुठली साडी नेसणार, आवरायला किती वेळ पाहिजे, आणि तेवढा वेळ बाहेर थांबतो.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे थांबवायचं म्हणून. एका विधवा काकूंचा पोर्ट्रेट काढताना (त्या हेरवाडच्या नाहीत) त्यांनी विचारलं, "टिकली लावू काय रं?" म्हटलं काकू, तुमचा फोटो, तुम्ही ठरवा. त्यांनी लावली, मग पुसली, मग परत लावली, आणि म्हणाल्या दोन्ही काढ. दोन्ही काढले. त्यातला कुठला कुणाला दाखवायचा ते त्यांनीच ठरवलं आणि तो कुठला ते मी लिहिणार नाही. गडहिंग्लजकडच्या देवदासी बायकांचं पण तसंच, बाहेरनं येणाऱ्यांना त्यांची जट, भंडारा, गळ्यातले मोती यांचाच फोटो पाहिजे असतो, आणि त्यातल्या कितीतरी जणी पेन्शन, रेशन कार्ड, पोरांचं शिक्षण यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्यात. माईक हातात घेतलेल्या बाईचा फोटो कोण मागत नाही.

चेहरा दाखवायचा नसेल तर नुसतं ब्लर करून भागत नाही. गावात माणूस साडीवरनं, चालीवरनं, हातावरच्या गोंदणावरनं ओळखतात, मागच्या पिठाच्या गिरणीच्या बोर्डावरनं, दारात लावलेल्या गाडीच्या नंबरवरनं ओळखतात. त्यापेक्षा काढतानाच असा काढा: हात, पाठमोरी आकृती, दारातल्या उजेडापुढची काळी सावली, त्यांची एखादी वस्तू. मी एकीचा फोटो फक्त तिच्या शिलाई मशीनवरच्या हातांचा काढला, बांगड्या तिनं मुद्दाम शेजारणीच्या घातल्या. आणि काढून झाल्यावर तो घरातल्याच कुणाला दाखवून विचारा की ओळख पटते काय, आपल्याला परक्याला ते कळत नाही.

कायद्याचं थोडं माहीत पाहिजेच. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. १८ च्या खालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सोच्या कलम २३ प्रमाणं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, परिसर यातलं काहीच बाहेर येऊ द्यायचं नाही, आईवडील हो म्हणाले तरी नाही, ती परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकतं. बालगृहातल्या मुलांना बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ लागू होतं, म्हणजे त्यांचीही ओळख पटेल असं काही छापायचं नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाची गोष्ट त्याच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही, २०१७ चा कायदा आहे. बाकी मुलांच्या बाबतीत आईबापाची सही लागतेच, पण मूल नको म्हणालं तर सहीचा काही उपयोग नाही. रडणाऱ्या पोराला आई धरून बसवते तेव्हा कॅमेरा बंद करणारे आपण असलो पाहिजे.

फोटो काढून झाला की काम संपत नाही. निवड त्यांच्यासोबत बसून करा, त्यांनी नको म्हटलेले त्यांच्यासमोर डिलीट करा, मेमरी कार्डवरनं पण. फाईलमधलं लोकेशन काढून टाका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं, आणि क्वालिटीसाठी आपण नेमकं डॉक्युमेंटच पाठवतो. फोटोखालच्या ओळी त्यांना वाचून दाखवा. "पीडिता", "असहाय माता", "सर्वस्व गमावलेली" असले शब्द नकोत, जे आहे ते लिहा: शेतमजूर, चार म्हशी, मुलगी नर्सिंगला. कॅलिफोर्नियात १९३६ साली डोरोथिया लँग यांनी तंबूत बसलेल्या एका मजूर आईचा फोटो काढला, तो जगभर गेला, पण त्यांनी तिचं नावही विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना १९७८ मध्ये कळलं, आणि त्या बाईंनी तेव्हा सांगितलं की तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. एवढा मोठा फोटो, एवढी मोठी फोटोग्राफर, तरी.

प्रिंट द्याच, आणि चांगला द्या. पुरात घराघरातनं लग्नाचे अल्बम गेलेत, गेलेल्या माणसांचे फ्रेम केलेले फोटो गेलेत, कित्येकांकडं स्वतःचा एकही फोटो उरलेला नाही. मी लॅमिनेट करून देतो आणि एक छोटा, आधार कार्डाच्या मापाचा, पाकिटात ठेवायला. नदीकाठच्या गावातल्यांना तो जून संपायच्या आत पोचवतो, जुलै-ऑगस्टमध्ये तिकडं कॅमेरा घेऊन जात नाही.

आणि दरवर्षी दिवाळीनंतर मी सगळ्यांना एक फोन करतो, की तुमचा फोटो अजून अमुक ठिकाणी आहे, चालतंय काय. माणसाची परिस्थिती बदलते, पोरगी लग्नाला येते, कुणाला नोकरी लागते, कुणी नवऱ्याकडं परत जातं. यंदा एकीनं सांगितलं, "दादा, काढून टाका, पोरगं आता आठवीत आहे, शाळेत दाखवतील." माझ्या वेबसाईटवरनं काढला, इन्स्टावरनं काढला, ज्या संस्थेला दिला होता त्यांना लिहून कळवलं, त्यांनीही काढला. एका छापील कॅलेंडरवर होता, ते मात्र वाटून झालेलं. ते मी तिला फोनवर तसंच सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, कॅलेंडर डिसेंबरात संपतंय न्हवं, मग असू दे, पण पुढच्या साली नको. मी तारीख घालून वहीत लिहून ठेवलंय.